तेलाच्या परातीतली वस्ती

अण्णांच्या डोळ्यांबद्दल बाहेर बोलायचे नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम होता. दुसरा नियम असा, की प्रत्येक वस्तू जिथे ठरली आहे तिथेच ठेवायची, म्हणजे अण्णांना ती न पाहता हाताने सापडेल. तिसरा नियम आईचा होता: करडईचे तेल एकदा अण्णांच्या परातीत गेले की ते पुन्हा बरणीत ओतायचे नाही, दिव्यालाच वापरायचे. मला याद्या करायची सवय लागली ती या नियमांमुळे. आज माझ्या स्वयंपाकघराच्या दाराआड तीन याद्या टांगलेल्या असतात आणि वाण्याच्या यादीतसुद्धा मी प्रत्येक आकड्यापुढे शेर की पावशेर ते लिहिते. सुना हसतात. एकदा धाकटी म्हणाली, "सासूबाई, मिठापुढे 'मीठ' असंही लिहा, म्हणजे साखर नाही हे कळेल." हसू देत. त्या सवयीमागे एक गोष्ट आहे, ती लिहून ठेवायची असे फार दिवस मनात होते. उत्साह आहे असे नाही. पन्नाशी उलटली, काही कामे उरकून टाकावीत असे वाटते, त्यातले हे एक.

निजामाचे राज्य होते. कागद उर्दूत, बोलणे मराठीत आणि कामावरच्या शिव्या दोन्हींत. अण्णा तलावांच्या कामावर मोजणीदार होते. सिरसाळ्याहून बदली होऊन आम्ही डोंगरपायथ्याच्या एका लहान गावात आलो. गावावरून कपिलधारला जाणारी वाट होती, त्यामुळे दर्शनाला निघालेली माणसे आमच्या ओसरीवर पाणी मागायला थांबत आणि आई रांजण भरून ठेवण्यातच निम्मी दमून जाई. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी. पहाटे आईचे जाते, उन्हे वर आली की दरीत बांधावरच्या मजुरांचे टिकाव, संध्याकाळी मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. या तीन आवाजांवर आमचा दिवस चाले, घड्याळ नव्हते. जेवायला ज्वारीची भाकरी ठरलेली. सोबत एक दिवस येसराची आमटी, एक दिवस उडदाचे घुटे. अण्णांना घुट्याबरोबर कांदा लागे. आई त्यांच्या ताटात कांदा नेहमी एकाच कोपऱ्यात ठेवी, आमटीची वाटी नेहमी एकाच अंतरावर. पाहुणा असला तरी अण्णा सरळ हात नेऊन जेवत. कुणाला शंका येत नसे. आईने हे कधी बोलून दाखवले नाही. मीही कितीतरी दिवस समजत होते, की ताट असेच वाढायचे असते.

अण्णांकडे सरकारचे एक जुने यंत्र होते. चांगले यंत्र, तीन पायांवर उभे राहणारे, कामावरच्या बड्या साहेबाच्या छावणीत असे. अण्णांसारख्यांना जे मिळे ते उरलेसुरले. हे कुठल्याशा जहाजावरचे होते. जहाज मोडीत निघाले तेव्हा मुंबईच्या बाजारातून इतर सामानाबरोबर ते आले असणार, असे अण्णा म्हणत. इंग्रजी शिकलेले लोक त्याला सेक्स्टंट म्हणतात. अण्णा त्याला दर्यावरची कमान म्हणत आणि आमच्या घरात ती नुसती कमान होती. शिसवी पेटी, आत हिरव्या बनातीचे अस्तर, त्याला खारट वास. भाकरीचा सहावा हिस्सा काढावा तसा पितळेचा आकार, खालच्या गोल कडेवर अंशांच्या केसासारख्या बारीक रेघा, त्यांवरून सरकणारा एक दांडा, दोन लहान आरसे आणि एक आखूड दुर्बीण. दर्यावर खलाशी त्यातून पाहून सूर्याला खाली ओढत समुद्र आभाळाला टेकतो त्या काठापर्यंत आणतात आणि तो किती खाली आणावा लागला ते रेघांवर वाचतात, असे अण्णांनी मला समजावले. मी विचारले, "आपल्याकडं समुद्र कुठंय?" ते म्हणाले, "तुझ्या आईच्या फडताळात."

तो समुद्र म्हणजे करडईचे तेल. आमच्याकडे चहूबाजूंनी डोंगर; सपाट काठ म्हणून काही दिसत नाही. म्हणून अण्णा परातीत तेल ओतत, त्यात काजळ कालवत आणि ते काळेभोर, स्थिर झाले की समोरच्या टेकडीवरची खूण त्यात उलटी दिसे. वर खरी खूण, खाली तेलातली. कमानीचा दांडा सरकवत नेला की दुर्बिणीत दोन्ही एकमेकींवर येऊन बसत. मग रेघ वाचायची. तेलातली खूण सपाटीच्या जेवढी खाली, तेवढीच खरी खूण वर, म्हणून आलेल्या आकड्याचे अर्धे करायचे. ते अर्धे म्हणजे खुणेची चढण. साखळीने अंतर मोजलेले असेच, त्यावरून उंची काढता येई. तलाव भरल्यावर पाणी कुठवर चढेल, काय बुडेल, काय राहील हे अशा खुणा मोजून ठरायचे. बुडणारी घरे आधी उठवायची असत. सगळे काम त्या केसासारख्या रेघांवर होते आणि त्या रेघा अण्णांना दिसेनाशा झाल्या होत्या. चष्मा बीडला मिळाला असता, पण चष्मा लावलेला मोजणीदार कामावर ठेवतील याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून ते मला बरोबर नेऊ लागले. पोर डबा घेऊन आली आहे, असे लोकांना वाटे. मी वाचायची, ते वहीत लिहायचे. अर्धे करायचे काम त्यांचे, घरी आल्यावर, ओसरीवर बसून.

डोळ्यांचे गुपित गावात फक्त साळूबाईला माहीत होते. दरीच्या पलीकडच्या उतारावर खोरीची वस्ती म्हणून धनगरांची सात घरे होती, दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली. साळूबाई तिथली. नवरा मेंढरे घेऊन आठ-आठ महिने मुलखात हिंडे, घर हिच्या अंगावर. अंगाने काटकुळी, आवाज मात्र दरी ओलांडून येणारा. ती रोज सकाळी वाटीभर शेळीचे दूध आणी. त्यात कापसाचे बोळे भिजवून अण्णा डोळ्यांवर ठेवीत. त्याने काही झाले नाही, पण साळूबाई दूध आणत राहिली आणि कुणाला बोलली नाही. वस्तीखाली त्यांनी तीन उन्हाळे खपून एक विहीर खोदली होती आणि तिला नुकते पाणी लागले होते. "खडकानं हट सोडला, पर मी न्हाई सोडला," असे ती सांगायची. आयुष्यात पहिल्यांदा दाराशी पाणी आले होते तिच्या.

खोरी मोजायचा दिवस पौषातला. परात दरीतल्या उंचवट्यावर मांडली होती. वस्तीच्या सर्वांत खालच्या भिंतीवर चुन्याचा पट्टा ओढला होता. तेवढ्यात बांधावर मजुरांची आणि मुकादमाची जुंपली आणि अण्णांना तिकडे बोलावणे आले. जाताना म्हणाले, "कुसुम, तू वाच आणि पाटीवर लिहून ठेव. मी आलोच." वारा सुटला होता, तेलावर सुरकुत्या पडत होत्या. साळूबाई गंमत पाहायला उतरून आली होती. तिने खांद्यावरचे घोंगडे काढले आणि परातीच्या वाऱ्याच्या बाजूला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"कुसूबाई, आमचं घर दिसतंय का गं त्यात?"

"दिसतंय. उलटं."

"उलटं? अगं मंग छपराचं गवत खाली सांडंल की समदं!"

"हलू नको, तेल हलतंय."

"मी न्हाई हलत माय, वाराच हलिवतोय. हात गळाले बघ. बोल बिगीबिगी, किती हाय आमची वस्ती?"

मी दोन पट्टे एकावर एक आणले, रेघ पाहिली, पुन्हा पाहिली. "चोवीस."

"चोवीस म्हंजी लई का थोडं?"

"लई."

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि घोंगडे झटकून खांद्यावर टाकले.

अण्णा येईनात. मी पाटी घेऊन बसले. अर्धे कसे करायचे ते मला येत होते. त्यात काय अवघड? अण्णा दमून येतात, रात्री दिव्याशी डोळे ताणतात, तेवढेच त्यांचे एक काम कमी होईल असे मला वाटले. मी पाटीवर सुबक अक्षरात लिहिले: खोरी, बारा. चोवीस लिहिले नाही. अर्धे केले असेही लिहिले नाही. पाटी स्वच्छ दिसली पाहिजे, हा माझा तेव्हाचा हट्ट होता. अण्णा परत आले ते मुकादमावर चिडलेले. घरी जाऊन हातपाय धुतले, जेवले आणि ओसरीवर बसून मला म्हणाले, "सांग आजचं." मी म्हटले, "खोरी, बारा." त्यांनी वहीत लिहिले आणि गेले वर्षभर प्रत्येक आकड्याचे करत होते तसे त्याचेही अर्धे केले. सहा. मी तोवर आईबरोबर भांडी घासायला गेले होते.

फाल्गुनात हुकूम आला. वस्ती पाण्याखाली जाते, तेव्हा लोकांनी पावसाळ्याआधी वरच्या माळावर जावे. कोतवालाने दवंडी दिली. दुसऱ्या दिवशी साळूबाई दूध न घेता आली. ओसरीच्या पायरीवर बसली आणि अण्णांना म्हणाली, "मोजनीदार, एक इचारू का? म्हसोबाला उठवायचं न्हाई म्हंत्यात."

"नाही. म्हसोबा पाण्याबाहेर राहतो."

"आन् आमी पान्यात?"

"हो."

"अवो, म्हसोबा आमच्या खाली हाय. शेंदूर लावाया जायाचं तर आमी उतरून जातो. घरातनं घागर पालथी केली तर पानी म्हसोबाच्या पायाशी जातं. मंग तळ्याचं पानी म्हसोबाला सोडून आमाला कावून धरंल?"

अण्णा थकल्या आवाजात म्हणाले, "साळूबाई, उतारावर नजर फसते. खाली वाटतं ते वर असतं. म्हणून तर यंत्र लागतं."

"नजर फसती, पर घागर कशी फसंल?"

 ओसरीवर दोन कारकून बसले होते, ते हसले. "धनगरीण आता मोजणी शिकवणार," एक म्हणाला. मी दाराशी उभी होते. मीही हसले. ते हसू मला आजही आठवते. अण्णांचा स्वतःच्या नजरेवर विश्वास उरला नव्हता, म्हणून पितळेवर तो दुपटीने बसला होता, हे मला आता कळते. तेव्हा एवढेच कळले, की अण्णा म्हणतात ते खरे.

चैत्रात वस्ती हलली. छपरांचे वासे माळावर गेले. भिंतींचे दगड मात्र नेता आले नाहीत, कारण बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला दगड लावायचे काम सुरू झाले होते आणि ठेकेदाराच्या गाड्या थेट वस्तीत जाऊन उभ्या राहिल्या. बुडणारच आहेत तर पडून कशाला राहायचे, असा हिशेब. आठ दिवसांत सात घरांच्या भिंती बांधाला लागल्या. विहिरीची बांधणीही उचकटली. साळूबाई माळावरून ते बघत बसे. दूध बंद झाले होते.

वैशाखात अण्णांनी मला सगळ्या मोजण्यांची एकत्र यादी करायला बसवले. माझे अक्षर चांगले, आणि साहेबाला सगळ्या खुणा एका कागदावर हव्या होत्या. एका बाजूला खुणेचे नाव, मग अंतर, मग चढण, मग उंची, शेवटी पाण्यात की बाहेर. पाण्याची रेघ पस्तीस फुटांवर. मी उंचीप्रमाणे क्रम लावत गेले. म्हसोबा अडतीस, बाहेर. त्याखालची ओळ खोरीची: चढण सहा, उंची बत्तीस, पाण्यात. टाक हातात तसाच राहिला. म्हसोबाच्या खाली खोरी आली होती. मी त्या वाटेने शंभर वेळा गेले होते. वस्तीतून म्हसोबाला जाताना धावत सुटता येई, येताना दम लागे. मग माझी नजर सहावर गेली. सहा मी पाटीवर कधी लिहिले नव्हते. मी बारा लिहिले होते. आणि बारासुद्धा वाचले नव्हते.

आई चुलीपाशी होती. अण्णा बाजेवर डोळ्यांवर ओले फडके घेऊन पडले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. म्हटले, "अण्णा, खोरीचे बारा मी आधीच अर्धे केले होते."

त्यांनी फडके काढले नाही.  मला वाटले झोपले. मग म्हणाले, "वाचलं किती होतंस?"

"चोवीस."

"आणि मला सांगितलंस?"

"बारा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. मग उठून बसले आणि मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. "चौसष्ट फूट," एवढेच म्हणाले. "पाण्याच्या जवळजवळ दुप्पट उंच होते गं ते लोक." आईने तवा उतरवून ठेवला आणि पदराने हात पुसत राहिली. त्या दिवशीचे घुटे कुणीच संपवले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा नवा कागद करून साहेबाच्या छावणीवर गेले. मी बरोबर होते; वाट खडकाळ, त्यांना एकटे सोडायला आई तयार नव्हती. मी तंबूच्या दाराशी बसले. अण्णांनी सगळे सांगितले, डोळ्यांचेसुद्धा. नोकरी जाणार हे ते घरून ठरवूनच निघाले होते. आईने सामान बांधायचे म्हणून दोन पोती झटकून ठेवली होती. साहेब वयस्कर होता, दमेकरी. त्याने कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाला, "हुकूम तो निकल गया, मोजणीदार. पत्थर भी लग गए. लोगां उप्पर बस गए ना? अब जान देव."

अण्णा म्हणाले, "साहेब, वर पाणी नाही. त्यांची विहीर खाली राहिली."

"विहीर का पत्थर भी तो बांध में है. अब मैं बांध खोलूं क्या?"

"मग माझा राजीनामा घ्यावा."

साहेब खोकला आणि हसला. "तुम्हारे बदले में यहाँ कौन आता? लडकी कू लाते रहो." मग त्याने तो कागद दौतीखाली ठेवला. तो तिथेच राहिला असावा. अण्णांना शिक्षा झाली नाही. पुढे अकरा वर्षे ते त्याच कामावर होते आणि निवृत्त होताना त्यांच्या कामाची तारीफ करणारा एक कागदही मिळाला. आईने तो पेटीच्या तळाशी, पालथा घालून ठेवला.

छावणीवरून अण्णा घरी न जाता तसेच माळावर चढले. ऊन कडक होते. मी त्यांचा हात धरून वाट सांगत होते. माळावर नुसता खडक. साळूबाईने वाश्यांवर गवत टाकून आडोसा केला होता आणि बाजूला दोन घागरी होत्या, एक रिकामी. तिने आम्हाला बसायला जागा दिली. पाणी दिले नाही, विचारलेही नाही. अण्णा उभेच राहिले. म्हणाले, "साळूबाई, तुझं खरं होतं. वस्ती बुडणार नव्हती. आमची चूक झाली."

ती अण्णांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग आता ती जागा कुनाला देनार?"

"कुणाला नाही. कुणाला द्यायची म्हणून उठवलं नाही. आकडा चुकला, कागदावर सहा पडला."

"मोजनीदार, मी तितं व्हते. घोंगडं धरून. पोरीनं चोवीस म्हनलं, म्या माज्या कानानं आयकलं. लई हाय म्हनली. मंग कागदावर सा कसं झालं?"

मी पुढे होऊन सांगितले. एकदा मी अर्धे केले, एकदा अण्णांनी. चोवीसचे बारा, बाराचे सहा. बोटांवर करून दाखवले. ती शांतपणे ऐकत होती. मी थांबल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि अण्णांना म्हणाली, "पोरीला कावून पुढं करता? अर्ध्याचं अर्धं आपूआप हुतंय व्हय? कुनीतरी केल्याबिगर? येवढी पितळंची कमान, येवढं तेल, येवढं काजळ, आन् म्हनं चुकलं. सांगा की खरं. मी कुनाला सांगनार हाय? तुमच्या डोळ्याचं सांगितलं का कुनाला?"

अण्णा म्हणाले, "मी खरंच सांगतोय."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमाला पोटं हायेत. कोन मोठा असंल तर तुमी तरी काय करनार? पर आता उन्हात नका थांबू. डोळं जातील हायती ती."

उतरताना अण्णा दोनदा ठेचाळले. शिक्षा नाही, भरपाई नाही आणि चूक कबूल केली तर ती घेणारे कुणी नाही. मला वाटते त्या दिवशी ते म्हातारे झाले. मी मात्र घरी जाऊन पाटीवर लिहिले: जे वाचले ते, जसे वाचले तसे. तेवढे केल्याने मला बरे वाटले, याची आता लाज वाटते.

तलाव दुसऱ्या वर्षी भरला. पाणी म्हसोबाच्या दोन हात खाली येऊन थांबले. वर उतारावर सात घरांची जोती कोरडी पडून होती, त्यांत तरवड उगवला. परत जायचे तर भिंती नव्हत्या आणि विहीर गाळाने भरली होती. माळावरच्या बायका तळ्यातून पाणी नेत, ते सगळे अंतर चढून. साळूबाईने त्या जोत्यांवर नजर ठेवली होती. कोण येऊन राहतो, ते तिला पाहायचे होते. कुणी आले नाही. एक वर्ष नाही, पाच वर्षे नाही. माझे लग्न होऊन मी बीडला आले, पुढे अण्णा गेले. साळूबाई दर काही महिन्यांनी घोंगड्या विकायला बाजाराला येई आणि माझ्या पायरीवर टेकायची. पाणी पिऊन झाले की ठरलेला प्रश्न. "कुसूबाई, खरं सांग. कुनी करायला लावलतं?" मी प्रत्येक वेळी तेच सांगायची. चोवीसचे बारा, बाराचे सहा. प्रत्येक वेळी ती मान हलवायची. "तू बापाची लेक. तू न्हाई सांगायची."

शेवटची आली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते. घरात दोन मुले तापाने निजलेली, सासरचे पाहुणे यायचे, माझी कामांची यादी अजून निम्मीही झाली नव्हती. तिने ओंजळ लावून पाणी घेतले आणि विचारले, "आता तर तुजा बाप बी न्हाई. आता कुनाला भ्यायाचं? मरायच्या आधी सांग मला. माजी इहीर कुनी घेतली?"

मी दाराला टेकून उभी होते. मला पुन्हा बोटांवर अर्धे करून दाखवायचा कंटाळा आला होता. पंचवीस वर्षांचा कंटाळा. मी म्हणाले, "होता एक. वरच्या कचेरीतला. त्याला तिथं बाग करायची होती."

तिने मान वर केली. "मंग आला कावून न्हाई?"

"मेला. काम पुरं व्हायच्या आत."

"नाव?"

"नाव अण्णांनाही माहीत नव्हतं. वरून सांगणं आलं."

 मग तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखे झाले. "बघ," ती हळू म्हणाली, "म्हनलं व्हतं का न्हाई मी? येवढी हुशार तुमी मानसं, तुमच्या हातनं अशी चूक हुतीच कशी. तुजा बाप भला व्हता. त्याला गप बसवलं." मग तिने भाकरी मागितली. इतक्या वर्षांत तिने माझ्या घरी पाण्याशिवाय काही घेतले नव्हते. मी दोन भाकरी आणि आमटी वाढली. ती ताट पुसून जेवली, पायरीवरच आडवी झाली आणि भर दुपारी, समोर बाजाराची गर्दी वाहत असताना, गाढ झोपली. माझी कामे खोळंबली होती. पाहुणे आले तेव्हा मी त्यांना मागच्या दाराने आत घेतले.